त्रेचाळिसावा माणूस

पाने चोवीस. त्यांवर अकरा दारे, नऊ म्हशी, चार बैल, पाच कुत्री, एक ट्रॅक्टर, एक विहीर आणि सतरा कोंबड्या. एक कोंबडी अर्धीच आहे, कारण तिचे उरलेले अंग पानाच्या कडेबाहेर गेले आहे. माणसे बेचाळीस. मित्रांनो, मी एक जुने चित्रपुस्तक आहे आणि माझ्या पोटातली ही मोजदाद बिनचूक आहे. पुष्कळ मुलांनी ती पुष्कळ वेळा केली आहे.

अडचण एवढीच, की माझ्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : 'आमच्या आळीत अकरा उंबरे आणि त्रेचाळीस माणसे आहेत. जत्रेच्या पंगतीत सगळी दिसतील. शोधा बरं.'

पंगतीचे चित्र विसाव्या आणि एकविसाव्या पानावर पसरले आहे. तिथे बेचाळीस माणसे सापडतात. त्रेचाळिसावे कधीच कोणाला सापडले नव्हते. मलाही ते कुठे आहे हे ठाऊक नव्हते. आपल्या पोटात काय आहे हे आपल्याला स्वतःहून दिसत नाही. कोणीतरी पान उघडून बोट ठेवावे लागते.

माझा जन्म बारा वर्षांपूर्वी माण गावच्या खालच्या आळीत झाला. वैष्णवी तेव्हा डी.एड. शिकत होती. 'माझा परिसर' या विषयावर मुलांसाठी काहीतरी तयार करा, असे तिला कॉलेजात सांगितले होते. तिने घराच्या ओट्यावर बसून जलरंगात मला काढले. ब्रश धुवायला स्टीलचा पेला होता. त्यातले पाणी दोनदा कुत्र्याने प्यायले आणि त्याला काही झाले नाही.

शेजारी तिचे वडील कोंडाजी बसत. कोणाचे दार कुठल्या रंगाचे, कोणाच्या गोठ्यात किती जनावरे, हे ते सांगत. जत्रेच्या आदल्या दिवशी आळीतून फेरी मारायचा मान त्यांचाच होता. आमच्याकडे घर मोजत नाहीत, उंबरा मोजतात. एक कुटुंब, एक चूल, एक उंबरा. कोंडाजी काठी टेकत प्रत्येक दारापुढे उभे राहतात आणि म्हणतात, 'उंबऱ्यामागं पाच.' म्हणजे त्या घराने दुसऱ्या दिवशी देवळात पाच भाकरी पोचवायच्या. आमटी आणि भात देवळात शिजतो, भाकरी घराघरांतून येते. ज्या उंबऱ्याची भाकरी आली, तो उंबरा पंगतीला बसतो. एवढाच नियम आहे आणि तो कुठे लिहिलेला नाही.

पुण्यात माझी छपाई झाली. सहा मोठे कागद मध्यात दुमडून दोन पिना मारल्या, की चोवीस पाने होतात. आम्ही बारा प्रती होतो. प्रत्येक उंबऱ्याला एक, अशा अकरा वाटल्या गेल्या. बारावी कुठे गेली, याचा मला बरीच वर्षे पत्ता नव्हता.

सुरुवातीची वर्षे कामाची होती. सुट्टीत दहा-बारा मुले ओट्यावर जमत आणि मला मध्ये ठेवून आपापले घर शोधत. 'ही आमची म्हैस.' 'तुमची न्हाई, आमची हाय, शिंग मोडल्यालं बग की.' पंगत मोजताना हमखास भांडणे होत. पाहुणे आले की रंभाबाई, म्हणजे वैष्णवीच्या आई, मला पदराने पुसून त्यांच्या हातात देत आणि म्हणत, 'आमच्या पोरीनं केलंय. आख्खी आळी बसवलीया त्यात.'

पुढे मुले मोठी झाली. वैष्णवी लग्न होऊन पौडच्या पलीकडे माले गावात गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. माझ्या भावंडांचे एकेक ऐकू येत गेले. एकाची आठ पाने शेळीने खाल्ली. एकाला कापून कोणीतरी शाळेचा तक्ता केला. एक फ्रिजच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली गेले. मी टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये राहिले. माझ्यावर विजेची बिले होती, बिलांवर कोंडाजींच्या चष्म्याचे घर. सात वर्षे मला कोणी उघडले नाही. वरची पीन गंजली आणि कागदावर चार मिलिमीटरचा तपकिरी डाग पडला.

त्या काळात मला एकच गोष्ट सतावत होती. माझ्यात नऊ म्हशी होत्या. बाहेर किती उरल्या होत्या? गोठ्याकडून आवाज येईनासा झाला होता. त्याऐवजी वाळू उतरवल्याचे, पत्रे ठोकल्याचे आणि पहाटे मोटारसायकली सुरू झाल्याचे आवाज येत. आवाजावरून मी अंदाज बांधत असे, पण तो पडताळून पाहायची सोय नव्हती.

ती सोय मागच्या चैत्रात झाली. वरच्या मजल्यावरच्या सुनीती पाण्याची मोटर किती वाजता लावणार हे विचारायला खाली आल्या. त्या आणि त्यांचे पती दयानंद लातूरकडचे. दोघेही आयटी कंपनीत नोकरी करतात आणि कोंडाजींच्या इमारतीत सहा नंबरच्या खोलीत भाड्याने राहतात. त्यांच्याबरोबर त्यांची आठ वर्षांची मुलगी जुईली होती. मोठ्यांचे बोलणे चालू असताना तिने शोकेसच्या काचेला नाक लावले.

"आजी, ते बिलांच्या खाली काय आहे?"

"पुस्तक हाय. घे की, वाच. पन जपून, जुनं झालंय."

त्या संध्याकाळी मी सात वर्षांनी उघडले गेले. जुईलीचे बोट तिसऱ्या पानावरून फिरले, मग ती उठून गॅलरीत गेली, खाली बघून आली आणि पुन्हा बसली.

"आई, यात नऊ म्हशी आहेत. खाली एक पण नाही. गोठ्यात चौदा टू-व्हीलर आहेत."

अशा रीतीने मला उत्तर मिळाले.

"जुनं पुस्तक आहे गं," सुनीती म्हणाल्या.

"आपण कुठल्या पानावर आहोत?"

"आपण तेव्हा इथे नव्हतो."

"मग आता काढलं तर असू का?"

सुनीतींनी कुकरचे झाकण लावले. "भाडेकरूंना कोण काढतं, जुई."

मित्रांनो, हा प्रश्न जुईलीला का पडला, ते सांगते. तीन वर्षांत तिची तीन घरे झाली होती. वाकडला होती, मग माणच्याच दुसऱ्या टोकाला, मग इथे. आदल्या वर्षी जत्रेच्या दिवशी रंभाबाईंनी तिच्या खोलीत झाकलेले ताट पाठवले होते. आमटी, भात, दोन भाकरी. दर जत्रेला सगळ्या भाडेकरूंना असे ताट जाते, कोणाला वगळत नाहीत. पण जुईलीने ते ताट गॅलरीत बसून खाल्ले होते, आणि खाली पंगतीत तिच्या वर्गातली पिंकी चुलतभावंडांच्या रांगेत बसून तिच्याकडे बघत हात हलवत होती. यंदा जत्रा आठ दिवसांवर आली होती. जुईलीला पंगतीत बसायचे होते. तिला अजून एक ताट नको होते.

ती त्रेचाळिसावे माणूस शोधू लागली. तिची पद्धत आधीच्या मुलांपेक्षा वेगळी होती. मोजलेले माणूस पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून ती प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका देई. पहिल्या दिवशी बेचाळीस ठिपके झाले, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा मोजले तरी बेचाळीसच. तिसऱ्या दिवशी तिने माणसे सोडली आणि चपला मोजायला घेतल्या. पंगतीच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात चिंचेचे झाड आहे आणि त्याखाली सगळ्यांची पायताणे काढून ठेवलेली आहेत. आजवर त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. मला स्वतःलाही तिथे गुदगुल्या झाल्यासारखे वाटले.

त्या दिवशी ती मला घेऊन खाली आली. कोंडाजी खुर्चीत बसून चहा घेत होते. त्यांनी मला उघडले आणि ठिपके पाहिले.

"ह्ये कुनी केलं?"

"मी. खोडता येतात, आजोबा. पेन्सिलीचे आहेत."

"आली बगा शिरगनती. पुस्तक वाचायला दिलं हुतं का टिकल्या लावायला? ठेव तितं शोकेसात."

जुईलीने मला त्यांच्या हातातून घेतले, पण ठेवले नाही. छातीशी धरून उभी राहिली. "आजोबा, एक विचारून मग ठेवते. या चित्रात माणसं बेचाळीस आहेत. त्यातली दोन तान्ही बाळं आहेत, त्यांना चपला नाहीत. म्हणजे चपलांचे जोड चाळीस पाहिजेत. पण एक्केचाळीस आहेत."

"मग? येकांद्यानं दोन आनल्या आसतील."

"एक जोड वेगळा आहे. काळे बूट. लेसवाले. आत मोजे पण खुपसलेत. बाकी सगळ्या चपला आहेत."

रंभाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आणि दुसरं," मला कोंडाजींपुढे उघडून जुईली म्हणाली, "हा निळा ड्रम पंगतीच्या मधोमध आहे. वाढणारी माणसं तिथूनच जाणार ना? इथे कोणी ड्रम ठेवेल का? पाय अडकेल."

"देवळातला ड्रम पार कडंला आसतो," रंभाबाई म्हणाल्या. "नळाखाली."

"तुला कुनी इचारलं?" कोंडाजी म्हणाले.

"मला कोन इचारतंय? पन सांगते." त्यांनी सूप बाजूला केले. "ड्रम न्हाई त्यो, पोरी. मनीष हाय. मागच्या खोलीत ऱ्हायचा, आमचा पयला भाडेकरू. कंपनीतनं यायचा आन् तसाच बूट काडून आमटीची बादली उचलायचा. लई झ्याक वाढायचा, सांडायचा न्हाई. वैष्णवीनं काडला हुता त्येला, बादलीसकट. ह्येंनी बगितलं आन् म्हनले, भाडेकरू आज हाय, उद्या न्हाई. त्येचा उंबरा न्हाई, त्येला कशाला पुस्तकात? मग पोरीनं त्येच्यावर ड्रम रंगवला."

म्हणजे त्रेचाळिसावा माणूस बारा वर्षे माझ्याच पोटात, निळ्या रंगाखाली, बादली धरून उभा होता. माझ्या पानाला त्याचे काहीच वजन लागले नव्हते.

"आकडा बदलायचा राहिला," जुईली सावकाश म्हणाली.

"चुकीचं काय बोललो मी?" कोंडाजींनी बशी खाली ठेवली. "उंबरा म्हंजी काय गं शिरगनती? चार भिंती न्हाईत. जो जत्रंलाही हाय आन् मयतीलाही हाय, त्येचा उंबरा. भाडेकरू आकरा म्हयन्यांचा कागद करतो आन् जातो. आमच्या आज्यापासनं आसंच मोजत्यात."

"मनीषकाका किती महिने होते?"

उत्तर रंभाबाईंनी दिले.

"सात वर्सं. पुस्तकाच्या आदी तीन, मागनं चार. भावजी गेले तवा पावसात खांदा दिलाय त्यानं, पार वड्यापातुर. तुमी म्होरं हुता, तुमाला दिसलं नसंल. मी बगितलंय. आनवानी हुता. बूट आपल्याच दारात हुतं."

कोंडाजींनी चष्मा काढला, माझ्या विसाव्या पानावर अगदी जवळून वाकून पाहिले आणि ड्रमवर अंगठा ठेवला. त्या दिवसापर्यंत बारा वर्षांत त्यांनी मला हात लावला, तो चष्म्याचे घर ठेवायलाच. अंगठा खरखरीत होता आणि किंचित चहाने ओला. तो ठसा अजून आहे. मग त्यांनी मला मिटले आणि जुईलीच्या हातात दिले.

"पेन लावू नगंस," एवढेच म्हणाले.

याचा अर्थ काय, हे मला कळले नाही. जुईलीलाही कळले नसावे. पुढचे चार दिवस ती मला दप्तरात घेऊन आळीत फिरत होती. एका कागदावर ती दारे लिहीत होती. अकरा जुनी, छत्तीस भाड्याच्या खोल्यांची, एकूण सत्तेचाळीस. पट्टी घेऊन तिने उंबरेही मोजले. कोंडाजींच्या दाराचा लाकडी उंबरा अकरा सेंटिमीटर उंच होता. खोल्यांच्या दारांत सपाट फरशी होती, म्हणून तिथे तिने शून्य लिहिले. शून्य हेही एक माप आहे, असे ती पिंकीला म्हणाली. पिंकी म्हणाली, "तू लई येडी हायेस." आणि पट्टीचे दुसरे टोक धरून तिच्याबरोबर फिरू लागली.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी काठीचा आवाज आला. मी जुईलीच्या मांडीवर होते. आवाज तळमजल्यावर थांबायचा, तो थांबला नाही. एकेक पायरी करत वर येत राहिला. पायऱ्या अठरा होत्या आणि मध्ये कोंडाजी दोनदा टेकले. पहिले दार पाच नंबरचे होते. तिथे काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. मग ते आमच्या दारापुढे आले. सुनीती नुकत्याच ऑफिसातून आल्या होत्या, गळ्यात अजून ओळखपत्र होते.

"उंबऱ्यामागं पाच," कोंडाजी म्हणाले. त्यांना दम लागला होता. "उद्या धाच्या आत देवळात."

सुनीतींना आधी समजलेच नाही. "काका, काय पाच?"

"भाकरी, आई!" जुईली ओरडली.

"आमची ज्वारीची असते, काका. तुमच्याकडे तांदळाची लागते ना?"

"ज्वारीची चालंल. चपाती चालंल. त्या कोपऱ्यावरच्या पोरांस्नी काईच येत न्हाई, त्यांना म्हनलं बिस्किटाचा पुडा आना. देवाला समदं चालतंय." ते वळले, मग थांबले. "आन् ताट यायचं न्हाई यंदा. खाली बसायचं."

दयानंद म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी आम्ही इथे असू की नाही, सांगता येत नाही."

"मी तरी असंन का?" कोंडाजी म्हणाले आणि सात नंबरकडे गेले.

सकाळी सुनीतींनी भाकरी थापल्या. चौथी तव्यावर मोडली. जुईलीने "साडेचार झाल्या" असे जाहीर केले, म्हणून त्यांनी सहावी थापली. मोडकी दयानंदांनी खाल्ली. पाच भाकरी पांढऱ्या फडक्यात बांधून जुईलीने स्वतः देवळात नेल्या. मी तिच्या पाठीवर दप्तरात होते. भाकरीची ऊब माझ्यापर्यंत पोचत नव्हती, पण वास येत होता.

मालेहून वैष्णवी आली होती. जुईलीने देवळाच्या पायरीवर मला तिच्यापुढे उघडून धरले आणि ड्रमवर बोट ठेवले. वैष्णवी आधी हसली, मग नाही हसली.

"तुला कसं कळलं?"

"बुटांवरून. ताई, आकडा बदलायला विसरलात का?"

"आकडा आधी छापायला गेला होता. चित्र मागून बदललं. घाई होती."

"आणि बूट?"

"बुटांकडे कोण बघतं," वैष्णवी म्हणाली. ती थोडा वेळ माझ्या गंजलेल्या पिनेवरून नख फिरवत राहिली. "बारावी प्रत मी त्यालाच दिली होती. तो ओट्यावर बसून मोजत राहिला. म्हणाला, बेचाळीसच होतात की. मी म्हटलं, पुन्हा मोज. त्याने पुन्हा मोजलं. मग पुस्तक मिटलं. बूट घातले आणि कामावर गेला."

तर बारावे भावंड तिकडे गेले होते. ते आता कुठे आहे, कोणाच्या शोकेसमध्ये आहे, त्याच्यावर कशाची बिले आहेत, हे मला समजून घ्यायला आवडेल. मनीष इथून जाताना ते बरोबर घेऊन गेला, एवढे रंभाबाईंनी पाहिले होते.

"माझे जुने रंग घरात असतील," वैष्णवी म्हणाली. "ड्रमवर त्याला पुन्हा काढू? बारीकशा कागदावर काढून चिकटवता येईल."

जुईलीने विचार केला. ती विचार करताना पेन्सिलीचे मागचे टोक चावते, त्यामुळे माझ्या पानांवर कधी कधी लाकडाचे कण पडतात.

"नको," ती म्हणाली. "ड्रम राहू दे. नाहीतर पुढच्या मुलांनी काय शोधायचं?"

मित्रांनो, माझे सांगणे संपत आले. मी काही फार जुने नाही, फार मोलाचेही नाही. पण तुमच्या घरी बिलांखाली माझ्यासारखे एखादे असेल तर ते वर काढा. हात कोरडे असू द्या. पान कोपऱ्याला दुमडू नका, त्याने तिथेच घडी पडते आणि पुढच्या वर्षी कोपरा तुटतो. पेन लावू नका, पेन्सिल लावली तर मला राग येत नाही. आणि पुस्तकात लिहिलेला आकडा खरा आहे का, ते स्वतः मोजून बघा. मला जे स्वतःबद्दल बारा वर्षांत कळले नाही, ते मोजणाऱ्या मुलीला तीन दिवसांत कळले.

पंगत साडेबाराला बसली. जुईली पिंकी आणि तिच्या धाकट्या चुलतबहिणीच्या मध्ये होती. आमटीची बादली दयानंदांकडे दिली होती आणि ते थोडी थोडी सांडत होते. "त्याच्याइतकं जमत न्हाई," असे रंभाबाई दोनदा म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा त्यांनी आमटी मागून घेतली. ज्वारीच्या भाकरी तांदळाच्या भाकरींत मिसळल्या होत्या. कोंडाजींच्या पानात कुठली पडली, हे मला दिसले नाही.

जेवण झाल्यावर जुईली हात धुऊन चिंचेच्या झाडाखाली गेली. तिने मला पाराच्या कट्ट्यावर उघडून ठेवले, विसाव्या पानावर कोपऱ्यात एक खडा ठेवला म्हणजे वाऱ्याने पान उलटू नये, आणि पायताणे मोजली. दोनदा मोजली. दोन्ही वेळा उत्तर सारखे आले, तेव्हा ते तिने माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिले.

पूर्ण जोड १२३. एकटी चप्पल १, दुसरी कुत्र्याने नेली. पूर्ण जोडांत लेसवाले बूट, जोड १९.